अर्धा-अर्धा

टण्ण!

नानासाहेबांनी खिशातला चाकू काढून स्टीलच्या रिकाम्या ताटात टाकला, आणि दुपारपासून घरात साचून राहिलेली शांतता मोडली. कणीक मळणाऱ्या अमृताचे हात परातीत थबकले. मागं वळून न बघताही आवाजावरून तिनं ओळखला. शिंगाच्या मुठीचा, बोटाएवढा. वेरूळच्या जत्रेतला.

नातीला भेटायला म्हणून नानासाहेब सकाळीच सिल्लोडहून आले होते. हौसेनं तिला शाळेतून आणायलाही गेले. तिथून आल्यापासून मात्र चहाला नको, पाण्याला नको. अभय कंपनीतून येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"शाळेच्या बाईनं हातावर ठिवला माझ्या," ते आता लेकाला म्हणाले. "पाच वर्षांच्या पोरीच्या दप्तरात निघाला म्हणे. चार लोकात मान खाली घालून आलो मी. श्रेया, इकडं ये बाळा. खरं सांग. आपल्या घरात खोटं चालत नाय. कुठून घेतला?"

"आईच्या डब्यातून," श्रेया लगेच म्हणाली. "पेरू कापायला. अर्धा सोनियाला, अर्धा मला. नवा चाकू आणला की आई-बाबा करतात ना, तसं."

पोरीला जवळ ओढून घ्यावंसं अमृताला वाटलं, पण हात कणकेनं भरलेले.

"आण तो डबा," नानासाहेब म्हणाले.

तिनं हात पुसले न पुसले आणि कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून त्यांच्यापुढं उघडला. जुन्या साडीच्या मऊ तुकड्यावर सगळे चाकू मिटून निजल्यासारखे पडले होते. शहागंजातल्या म्हाताऱ्या धारवाल्यानं दिलेला. पातं झिजून काडीएवढं उरलेला. खटका बिघडलेला, तरी सोडवेना म्हणून आणलेला. छावणीच्या बाजारात भंगाराच्या ताडपत्रीपुढं अभय तासन्‌तास उकिडवा बसायचा. एखादा हाती लागला की तिच्या कानाशी नेऊन उघडायचा. "ऐक, कसा बोलतोय." लग्न ठरल्यावर दागिन्याच्या आधी त्यानं तिला चाकूच दिला होता. मग दोघांनीही एकेक कायम जवळ ठेवायचा, असं ठरून गेलं. तिचा पर्समध्ये, त्याचा पँटच्या उजव्या खिशात.

"हा नाद कुणाचा?" नानासाहेबांनी विचारलं.

अमृतानं अभयकडं बघितलं. तिला भीती नव्हती. आता तो म्हणेल, आमचा दोघांचा. नाना चिडतील, घटकाभर बोलतील, आणि दोघं मिळून ऐकून घेतील. दोघं असले की बोलणी अर्धी-अर्धी होतात.

"हिचाच," अभय म्हणाला. "मी लई वेळा सांगितलं, नाना. लेकरू आहे घरात, नको म्हणून. ऐकतच नाय."

इतक्या सहज म्हणाला, की क्षणभर अमृताच आठवू लागली, हा कधी म्हणाला होता असं.

"लोकाच्या सुना पर्समधी कंगवा ठिवत्यात," नानासाहेब म्हणाले, "आमची चाकू घेऊन हिंडती. दरोडा घालायला जायचंय का, बाई?"

अभय हसला. वडलांना बरं वाटावं म्हणून हसला असेल, पण हसला.

"उद्या गावाकडं नेतो समदे," नानासाहेब म्हणाले. "कडुबा लोहाराच्या भट्टीत घालतो. एखादं खुरपं तरी होईन."

"नाना..." अमृताच्या तोंडून एवढंच निघालं.

"अमृता, जाऊ दे ना आता," अभय घाईनं म्हणाला. "पर्समधला पण दे. वाद नको."

त्यानं हात पुढं केला. तळवा उघडा.

चाकू हातातून हातात द्यायचा नसतो, भांडण लागतं. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हे तिला त्यानंच शिकवलं होतं, आणि आजवर दोघांनी एकदाही मोडलं नव्हतं. अमृतानं पर्समधून पितळी मुठीचा चाकू काढला. उघडला नाही. पदरानं मूठ पुसली, आणि त्याच्या पुढं केलेल्या हाताखाली, फरशीवर ठेवला.

तो उचलायला अभय वाकला. पँट मांडीवर ताणली गेली आणि उजव्या खिशावर चाकूचा आकार उमटला. पाठीकडून किंचित वाकलेला, लांबट.

नानासाहेब मान खाली घालून डब्यातले चाकू नीट लावत होते. त्यांनी बघितलं नाही. अमृतानं बघितलं. तिनं बघितलेलं अभयनं बघितलं. तो सरळ उभा राहिला, शर्ट खाली ओढला, आणि तिचा चाकू वडलांच्या हातात दिला.

झाकण बसलं.

अमृता परातीपाशी येऊन बसली. कणकेला वरून पापुद्रा धरला होता. तिनं पाण्याचा हात लावला आणि पुन्हा मळायला घेतली. मळतच राहिली.

श्रेया हळूच येऊन तिच्या पाठीवर रेलली. दोन्ही हात गळ्यात टाकले, आणि तोंड अगदी कानाशी आणलं.

"आई, बाबांचा तर खिशातच राहिला. आजोबांना खरं सांगू?"