कार्डाएवढी फट

माझी बायको कोंडाबाई गेल्यापासून माझी लॉरी सुरू होईना, म्हणून गंगाखेडचा मिस्त्री मन्मथअप्पा आला. तिच्या तेराव्याला तो माझ्यापेक्षा जास्त रडला होता. बॉनेट उघडून त्यानं विचारलं, “बाईंचं पोस्टकार्ड कुठं हाय?” तिच्या पेटीतलं ते कोरं, तेलकट कार्ड सापडल्यापासून माझ्या डोक्यात नाही नाही ते येत होतं. “तुला कसं ठाऊक?” “मीच दिलतं.” मी खिशातलं कार्ड काढून दिलं. त्यानं त्याची कड इंजिनातल्या दोन पॉइंटांमध्ये सरकवली. “बॅटरीचा करंट इथं तुटला की प्लगात ठिणगी पडती. फट कार्डाएवढीच लागती. बाई दर सोमवारी लावायच्या.” “मला का सांगितलं न्हाई?” “‘मालकाला वाटतं लॉरी त्यायचाच हात वळखती, वाटू द्या,’ म्हनायच्या.” हँडल मारताच लॉरी सुरू झाली. “सोमवारी मीच येत जाईन,” तो म्हणाला. मी तिच्या बोटांनी मळलेलं कार्ड त्याच्याकडून हिसकावलं. “फट मी लावीन.”