भिंतीवरचं नाव

“माझं नाव कुठंय?” महिपती शाळेच्या अंगणातूनच कडाडला. “गाणं माझं, चित्र माझं, आणि खाली सौजन्य कुणाचं? कंपनीचं!”

मुख्याध्यापिका वैशालीबाई गडबडल्या. “सर, मोबाइलवर आलं होतं. कुणाचं ते लिहिलेलं नव्हतं.”

“मग शोधायचं! चोरताना बरं सापडलं!”

पेणहून रोह्याजवळच्या अष्टमी गावाला येताना बसमध्येच त्याचा पारा चढत गेला होता. तरुणपणी तो पेणच्या कारखान्यात गणपती रंगवायचा. मूर्तीवर रंगाऱ्याचं नाव नसतं. त्याने जीव ओतून डोळे आखलेले सगळे गणपती मुकाट पाण्यात गेले. तेव्हाच त्याने ठरवलं, यापुढे जे करीन त्याखाली माझं नाव असेल. मग तो मुलांसाठी गाणी लिहू लागला, चित्रं काढू लागला. या गाण्याने तर कमालच केली. रोह्यापासून नागोठण्यापर्यंत एक बालवाडी सुटली नाही. आणि आता भिंतभर तेच गाणं, पण त्याचा कुठे पत्ताच नाही!

“ठमी ठमी, उंदीर धरी,
झिपरी पोर, पळते घरी!”

खाली केस पिंजारलेली काळीसावळी पोर, हातात शेपटीला धरलेला उंदीर. पोरांना हे चित्र पाहून हसू आवरत नसे.

वैशालीबाईंनी हात जोडले. रंगारी पोपट परत शिडीवर चढला.

“मोठं लिही,” महिपती खालून ओरडला. “रस्त्यावरून दिसलं पाहिजे!”

फाटकापाशी एक बाई लहान मुलीचा हात धरून मघापासून उभी होती. शाळेत पोरीचं नाव घालायला आली असावी. ती पुढे आली.

“ह्ये गाणं तुमचं हाय?”

महिपतीचा राग जरा निवळला. चला, कुणाला तरी कदर आहे. “व्हय, माझंच. पाठ आहे ना?”

“पाठ हाय.” तिने भिंतीकडे पाहिलंच नाही. “भातकापणी झालेली. तुमी आमच्या कातकरवाडीखाली बांधावर आलेलात. मला उभी करून चित्र काढलंत. मंग नाव इचारलंत.”

महिपतीला तो बांध आठवला. उंदीर उंचावून हसणारी पोर आठवली. तिचं नाव गाण्यात असं चपखल बसलं होतं, की घरी पोचेपर्यंत तो खुशीत गुणगुणत होता.

“ठमी?” त्याचा चेहरा उजळला. “अगं, तू तर केवढी प्रसिद्ध झालीस!”

ठमी हसली नाही. तिने मुलीला जवळ ओढलं. मुलगी भिंतीवरची अक्षरं बोटाने दाखवत होती. ठमीने ते बोट मुठीत घट्ट धरलं.

“म्या वर्गात पाय टाकला की आख्खा वर्ग गायचा. बाई टेबलावर ठेका धरायच्या. आता माझ्या पोरीलाबी ह्याच भिंतीखालून आत जायाचं हाय.”

शिडीवर पोपटचा हात थांबला. ठमी महिपतीकडे रोखून पाहत होती. तिचा आवाज मात्र चढला नाही.

“तुमचं नाव नाय म्हनून तुमी येवढं भांडताय, सर. माझं नाव हाय, म्हनून मी शाळा सोडली.”