शुक्रवारचा कोड

रविवारचे साडेपाच वाजले होते. कोडची मुदत सहापर्यंत होती आणि मल्लिनाथांच्या हातून तो अजून टाकायचा राहिला होता. पायांतल्या चपलाही न काढता त्यांनी कपाटातून अक्षराचा मोबाइल काढला. "अवो, घोटभर पाणी तरी घ्या," शिवगंगा म्हणाली. त्यांनी नुसती मान हलवली.

ते आत्ताच नांदेडहून आले होते. शुक्रवारी पहाटे पोलिसांचा फोन आला, एका मुलीचं प्रेत सापडलंय, ओळखायला या. घाईत हा मोबाइल घरीच राहिला. दोन दिवस कागदपत्रांत गेले. ती मुलगी अक्षरा नव्हती. "न्हाई" एवढा एकच शब्द त्यांनी बायकोला फोनवर सांगितला होता.

अक्षरा त्यांची एकुलती एक. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी मुरुडहून नांदेडला क्लासला ठेवली होती. दोन महिन्यांपूर्वी ती होस्टेलमधून निघाली, रिक्षावाल्याला विष्णुपुरीच्या धरणावर सोडायला सांगितलं आणि तिथून पुढं कुणाला दिसली नाही. धरणाच्या पाण्यात दोन दिवस होडी फिरली. काही सापडलं नाही. जिवंत म्हणावं तर फोन नाही, गेली म्हणावं तर जीभ वळत नाही.

होस्टेलमध्ये मोबाइल चालत नव्हता म्हणून तिनं तो बापाकडं दिला होता. त्यात तिचा फुटबॉलचा गेम होता. एकेक खेळाडू जमवून तिनं संघ बांधला होता, नाव मुरुड इलेव्हन. गेमची कंपनी दर शुक्रवारी सकाळी नऊला बक्षिसाचा एक कोड जाहीर करायची. तो टाकला की नवा खेळाडू नाहीतर नाणी मिळायची. एका खात्यावर एकदाच चालायचा. "अप्पा, तेवढा कोड टाकत जावा, मंग मी जाते क्लासला," एवढीच तिची अट होती. मल्लिनाथ "हाव" म्हणाले आणि तीन महिन्यांत एकदाही टाकला नाही. घराखालचं कापडाचं दुकान सोडून चेंडू खेळत कोण बसतो? रविवारी तिचा दहा मिनिटांचा फोन यायचा. ती विचारायची आणि हे "टाकला, टाकला" म्हणून मोकळे व्हायचे.

ती गेल्यावर मात्र माणूस इरेला पेटला. समोरच्या मोबाइलच्या दुकानात बसणारी बुद्धप्रिया, अक्षराची शाळेपासूनची मैत्रीण, कोड त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. नऊच्या ठोक्याला हे तयार. बोहनीच्या आधी कोड. दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी त्याला थांब म्हणायचे. कपाळावर विभूती, हातात पोरीचा मोबाइल, आणि तांदूळ निवडावेत तसं एका बोटानं एकेक अक्षर. हिरवी पट्टी आली की डोळे मिटायचे. बाजारपेठेत लोक हसले, हसू देत. पोरीसाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. असे सात शुक्रवार झाले, एकही चुकला नाही.

आज लाल पट्टी आली. खाली इंग्रजीत काहीतरी बारीक लिहिलं होतं. मल्लिनाथांनी चष्मा पुसून पुन्हा टाकला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. सहाला दहा मिनिटं उरली तेव्हा ते उठले आणि मोबाइल छातीशी धरून रस्ता ओलांडून गेले.

"पोरी, बघ गं जरा. येवढं एकच काम होतं माझं, ते बी झालं न्हाई माझ्याच्यानं." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

बुद्धप्रियानं ती लाल पट्टी वाचली. परत एकदा वाचली. मग आतलं स्टूल ओढून त्यांना बसवलं.

"काका, तुमचं चुकलं न्हाई. ह्या खात्यावर हा कोड आधीच टाकलाय, असं लिहून आलंय."

"कोण टाकंल? मी नांदेडला व्हतो. शिवगंगा तर ह्याला हात बी लावत न्हाई."

"ह्याच मोबाइलवरनं टाकावं असं काई न्हाई, काका. दुसऱ्या मोबाइलवर खातं उघडून बी टाकता येतंय. पासवर्ड पाहिजे फकस्त."

"पासवर्ड मला तरी कुठं ठावं हाय? तो तिलाच..."

बुद्धप्रियाचे डोळे भरून आले. आणि मग, बोलायला नको होतं ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही दर शुक्रवारी नऊच्या ठोक्याला टाकून राहिले, काका. मंग तिला टाकायला कदी मिळंल?"

सात शुक्रवार पोरगी कुठूनतरी दार वाजवत असेल आणि आतून कडी लावणारे आपणच, हे मल्लिनाथांना सहन होईना. कुठं आहे, कशी आहे, का बोलत नाही, यातलं काहीच त्या लाल पट्टीत लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. कंपनी परदेशातली आहे, कोड कुठून टाकला ते कळायला वेळ लागेल, असं ते म्हणाले. किती वेळ, ते त्यांनाही सांगता येईना.

पुढच्या शुक्रवारी नऊला कोड आला. मल्लिनाथांनी तो टाकला नाही. शनिवारीही टाकला नाही. टाकून बघावं असं शंभरदा वाटलं, पण तिच्या वाटचा आपणच खाऊन बसलो तर, या भीतीनं बोट मागं यायचं. शिवगंगा शेजारी येऊन बसली. रविवारी सहाला एक मिनिट उरलं तेव्हा त्यांनी एका बोटानं कोड टाकला आणि तो चालू नये म्हणून हात जोडले.