शनिवारचा तास

"दोन मिनिटं उशीर," भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुष्पाताई म्हणाल्या. "बस. आणि शर्टाचं बटण चुकलंय. कॉलेजात पोरांना मापं शिकवतोस म्हणे!"

सुदाम हसून बटण नीट करू लागला. तलासरीच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सहायक होता. भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचा. दर शनिवारी चारोटीला गाडी बदलून तो डहाणूला पुष्पाताईंकडे यायचा. पुष्पाताई निवृत्त नर्स, त्याही एकट्याच. चार ते पाच गप्पा होत. पाच वाजले की त्या कप उचलत. आपल्यासाठी त्या हा तास राखून ठेवतात, याचं त्याला अप्रूप होतं.

त्यांच्या चर्चच्या मंडळीची एक रीत होती. जानेवारीत प्रत्येकाने डब्यातून एका नावाची चिठ्ठी उचलायची आणि त्या माणसाला वर्षभर, आठवड्यातून एक तास द्यायचा. कोणाला कोण निघालं ते बोलायचं नाही, त्या माणसालाही सांगायचं नाही. उपकार वाटू नये म्हणून. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र भाकर घेण्याचा विधी, असे. त्याआधी ज्याला फसवलं असेल त्याच्यासमोर जाऊन बोलायचं, मगच भाकर घ्यायची.

तो रविवार उद्या होता.

"गुडघे कसे आहेत, ताई?"

"माझ्या वयाचे आहेत."

"मग चिठ्ठीतल्या माणसाकडे कशा जाता? मी सोडलं असतं."

"माझं वर्ष नीट पार पडलं. तू तुझं सांग. डबेवालीने मीठ कमी केलं का?"

त्याने डब्याचं सांगितलं. मग कॉलेजातल्या फुटलेल्या काचनळ्यांचं. त्या मान हलवत ऐकत होत्या. आज त्यालाच आपला आवाज पोकळ वाटत होता.

आठवडाभर तो स्वतःला तपासत होता. आपण इथे का येतो? सेवा म्हणून? मंडळीत चांगलं म्हणावं म्हणून? दोन्ही उत्तरं त्याने प्रामाणिकपणे खोडली. बाकी सहा दिवस त्याच्या दारावर कोणी थाप मारत नसे. एका दारात मात्र आपली वाट बघितली जाते, एवढंच कारण उरलं. आज खरं बोललं तर तेही दार बंद होण्याची भीती होती.

पाचला दहा मिनिटं होती.

"ताई, मी तुम्हाला फसवलंय. मला तुमची चिठ्ठी निघाली नव्हती."

पुष्पाताईंचा हात बशीवर थांबला. "मग कोणाची?"

"उधव्याच्या झिपरूकाकांची."

"अरे, ते तर तुझ्या जवळ! इतक्या लांब का येत राहिलास?"

"एकदा गेलो होतो. 'भाषण द्यायला आलास का रे?' म्हणून ओरडले. परत गेलोच नाही. आज सकाळी जाऊन माफी मागितली."

"मग?"

"शिव्या दिल्या. नंतर पेज वाढली."

पुष्पाताई पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. सुदामला धीर आला.

"तुम्हाला वाटत असेल, हा मंडळीच्या सांगण्यावरून येतो. तसं नव्हतं. मला यायला आवडायचं म्हणून आलो. माझ्या एकटेपणासाठी तुमचा तास घेतला. माफ करा."

बाहेर गल्लीत कुणीतरी गुजरातीत भाजीचा भाव करत होतं.

"नीट तपासलंस हो स्वतःला," त्या म्हणाल्या. "माझं धाडस होत नव्हतं. मलाही उद्या भाकर घ्यायचीय."

"तुम्ही कोणाला फसवलंय?"

"तुला." त्या त्याच्याकडे न बघता बोलत होत्या. "तू बाहेर पडलास की दर शनिवारी मी दाराला कडी लावते आणि म्हणते, सुटले, देवा, एक आठवडा संपला."

सुदामला हसू आलं, ते अर्ध्यातच विरलं. "मग एकदा तरी सांगायचं, येऊ नकोस म्हणून."

"कसं सांगणार?" पुष्पाताई म्हणाल्या. "मला तुझी चिठ्ठी निघाली होती."