सासूबाईंएवढं पाणी

सुनेकडे माशांच्या टाक्या तीन आणि स्टँड एकच; तोही नवऱ्याने जुन्या पलंगाचं लोखंड जोडून केलेला, दोन कप्प्यांचा. नवा घ्यायची ऐपत नव्हती. "पाण्याचा काय भरवसा? एक टाकी ठेव, बाकीचे मासे परत दे," हे सासूबाईंचं पालुपद रोजचंच. शेवटी ठरलं, आज स्टँड कुरकुरला तर मासे दुकानात परत जाणार.

पाणी भरण्याआधी तेवढंच वजन ठेवून बघायचं होतं. पण घरात तेवढी वजनं कुठली? मग मोठ्या टाकीच्या जागी, खालच्या कप्प्यात, नवरा अंगाची घडी घालून बसला. मधल्या टाकीएवढ्या नेमक्या सासूबाईच भरत होत्या. "माझ्या हाडांचा काही विचार?" म्हणत त्या स्टुलावरून वर चढल्या.

टेकता टेकता कर्रकन आवाज झाला. सून स्टुलाकडे धावली.

"उतरा आई. देते मासे परत."

"थांब गं!" सासूबाईंनी पाय हलवला. पुन्हा कर्र. "त्या बिचाऱ्या स्टँडला कशाला बोल लावतेस? माझा गुडघा वाजतोय."

खाली नवरा खदखदून हसला, तरी स्टँड जागचा हलला नाही.

"आणि तिसरी टाकी?" सुनेने हळूच विचारलं.

"ती माझ्या पलंगाशेजारी, जमिनीवर. तिथून पडून पडणार कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "शिवाय मला रात्री झोप येत नाही, आणि मासे काही डोळे मिटत नाहीत."