सराव मोहीम

चार मुली तीन वाजता पायथ्याच्या गावात पोचायला हव्या होत्या. साडेपाच झाले तरी त्यांचा पत्ता नव्हता आणि डोंगरावरून धुकं उतरत होतं.

शाळेच्या पुरस्कार योजनेतले समाजसेवा, कौशल्य आणि खेळ हे टप्पे त्यांनी पार केले होते. उरली होती ही शिक्षकांशिवाय करायची दोन दिवसांची मोहीम.

गावातले वाटाडे धाकूदादा मुलींच्या शिक्षिकेला म्हणाले, "वृंदाबाई, पोरींना नकाशा वाचता येतो ना? सराव झालाय?"

"झालाय." कागदोपत्री तसंच होतं. परीक्षा तोंडावर आली म्हणून बाईंनी सराव न घेताच सही केली होती.

"मग घोर नको. उशीर होईल, पण घळीतून खाली उतरणाऱ्या नाळेच्या वाटेनं येतील."

"थांबा दादा. सराव झालेला नाही. मी खोटी सही केली."

धाकूदादांनी गावकऱ्यांना हाक मारली, "दोर घ्या, मोठे दोर!"

मग ते बाईंना म्हणाले, "नकाशा कळत नसेल तर पोरी रुंद, मळलेली वाट धरणार. ती गुरांची वाट आहे बाई. खाली उतरत नाही. कड्यावर संपते."