खंड्या नाचतोय!

मुलांनो, कल्पना करा: चित्रपुस्तकात सांताची होडी रोहित पक्षी ओढतात आणि तिवराच्या झाडावर नाताळचा तारा खंड्या पक्षी लावतो. हे वाचून उरणच्या मुलांनी खाडीकाठचं तिवराचं झाड सजवलं. बर्फ कुठून आणायचा? जागृतीने बाबांना न विचारता त्यांचं नवं पांढरं जाळं फांद्यांवर पसरलं. सकाळी खरंच खंड्या आला! निळे पंख फडफडत होते. “नाचतोय बघ!” दिपेश ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जागृती जवळ गेली. “नाचत न्हाय रे, अडकलाय.” पक्षी धडपडेल तसा धागा मानेभोवती आवळत होता. बोटांनी गाठ सुटेना. “जाळं कापू नको,” दिपेश कुजबुजला, “उद्या तुझा बाबा मासे कशाने धरील?” खंड्याची चोच उघडीच राहिली. जागृतीने सजावटीच्या पताका कापायला आणलेली कात्री घेऊन जाळं कापलं. खंड्या उडाला. फाटकं जाळं खांद्यावर टाकून ती बाबांच्या होडीकडे निघाली.